सोफ्यावर बसल्यावर समुद्र दिसतो का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे समजण्यात चूक झाली असेल तर लगेच सांगता येईल. तुम्ही सहा वर्षं पुण्यात, मुख्यतः बाणेर-बालेवाडीकडच्या फ्लॅटचं आणि बंगल्यांचं इंटिरियर करता. दुबईतल्या एका स्टुडिओने नोकरीच्या चाचणीसाठी ७० मीटर लांबीच्या मोटर यॉटच्या, म्हणजे इंजिनावर चालणाऱ्या आलिशान खासगी जहाजाच्या, मुख्य सलोनची (दिवाणखान्याची) संकल्पना मागितली आहे. मुदत तीन आठवडे. बाहेरचा आकार दुसऱ्या कुणीतरी आधीच काढलेला आहे. पंचतारांकित हॉटेलची लॉबी करतात तसंच हे करायचं, फक्त खिडकीबाहेर समुद्र, असा तुमचा अंदाज आहे. कुठली शैली घ्यावी, आणि आतलं-बाहेरचं काम वेगवेगळी माणसं का करतात, हे तुम्ही विचारलंय.

मी पुण्यातच आर्किटेक्चर शिकले. नंतर अकरा वर्षं नेदरलँड्समध्ये यॉटच्या इंटिरियरवर काम केलं आणि गेली सात वर्षं कर्वेनगरातल्या घरातून युरोपातल्या स्टुडिओंसाठी डिटेल ड्रॉइंग करते. म्हणजे हे सगळं आतल्या बाजूच्या माणसाचं मत आहे. बाहेरचा आकार काढणारे लोक यातल्या काही गोष्टी वेगळ्या सांगतील, आणि तेही बरोबर असतील.

शैलीचा निर्णय शेवटी घ्या, एवढं आधीच सांगून ठेवते. हॉटेलची लॉबी जमिनीवर उभी असते. तिला वजन कितीही झालं तरी चालतं, छत वर नेता येतं, मागच्या बाजूला नोकरांसाठी वेगळी इमारत बांधता येते आणि ती रात्री डोलत नाही. यॉटवर यातलं काहीच नसतं. तिथे प्रत्येक सुंदर गोष्टीची किंमत पैशांशिवाय आणखी चार ठिकाणी मोजावी लागते: वजन, उंची, आवाज आणि क्रूची, म्हणजे जहाजावरच्या कर्मचाऱ्यांची, पायपीट. चाचणी तपासणारा माणूस तुमचं रेंडर, म्हणजे खोलीचं संगणकावर काढलेलं चित्र, पाहून खूष होईल की नाही ते सांगता येत नाही, पण या चार गोष्टी तुम्हाला कळल्या आहेत का, हे तो पहिल्या पाच मिनिटांत ओळखेल.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या स्टुडिओला आजच विचारा. यॉट मालक स्वतः वापरणार की भाड्याने देणार? भाड्याची असेल तर दर आठवड्याला नवे पाहुणे येतात. मग रंग संयमी हवेत आणि सोफ्याचं कापड काढून धुता यायला हवं. ती उन्हाळाभर भूमध्य समुद्रात नांगर टाकून उभी राहणार की नॉर्वेच्या थंड खाड्यांमध्ये फिरणार? नांगरावरच्या यॉटमध्ये लोक बाहेर जेवतात, आतलं सलोन बऱ्याचदा रिकामं असतं. थंडीत तेच घरातल्या दिवाणखान्यासारखं दिवसभर भरलेलं असतं. मालकाच्या घरात लहान मुलं आहेत का, सण-समारंभ होतात का, वेगळ्या प्रार्थनेची किंवा स्वयंपाकाची सोय लागते का? या उत्तरांशिवाय केलेली संकल्पना हवेत राहते. प्रश्न विचारल्याने तुम्ही अननुभवी ठरणार नाही.

आता ज्या गोष्टीवर मी तुम्हाला सगळ्यात जास्त वेळ थांबायला सांगेन ती. सलोनचा उभा छेद, म्हणजे खोली उभी कापली तर कशी दिसेल ते चित्र, काढा. डेकच्या, म्हणजे जहाजाच्या मजल्याच्या, कडेला कठडा असतो, त्याला बुलवर्क म्हणतात. माणूस पाण्यात पडू नये म्हणून त्याची उंची साधारण एक मीटर किंवा जास्त ठेवावी लागते. बाहेरून पाहताना हाच कठडा यॉटची लांब, सलग रेघ घडवतो, त्यामुळे बाहेरच्या डिझायनरला तो भरीव आणि अखंड हवा असतो. आता आतमध्ये खोल, आरामशीर सोफा ठेवा. त्यात बसलेल्या माणसाचा डोळा जमिनीपासून जवळजवळ १.१ मीटरवर येतो. सोफा कठड्यापासून चार मीटर आत आहे आणि कठडा एक मीटर उंच आहे असं धरा. डोळ्यापासून कठड्याच्या वरच्या कडेला टेकवून पट्टीने रेघ ओढा. डेक पाण्यापासून तीन मीटर वर असेल, तर ती रेघ पाण्याला मिळते थेट १६० मीटरच्या पुढे. म्हणजे कोट्यवधी युरो खर्च करून घेतलेल्या यॉटच्या दिवाणखान्यात बसून माणसाला जवळचं पाणी, पोहणारी मुलं, शेजारून जाणारी होडी, यातलं काहीच दिसत नाही. दिसतं ते आकाश आणि क्षितिजाची एक बारीक पट्टी.

आता सलोनसमोरच्या भागात भरीव कठडा साठ सेंटिमीटरपर्यंत खाली कापा आणि वर सडपातळ रेलिंग किंवा काच लावा. तीच रेघ पाण्याला ३३ मीटरवर मिळते. समुद्र खोलीत येतो. या एका बदलासाठी बाहेरच्या डिझायनरला आपली लाडकी रेघ तोडावी लागते, स्ट्रक्चर करणाऱ्याला तिथली पोलादी पट्टी नव्याने मोजावी लागते आणि आतल्या डिझायनरला सोफ्याची उंची नक्की सांगावी लागते, तीही यॉट बांधायला सुरुवात होण्याच्या आधी. आत आणि बाहेर या दोन बाजू किती घट्ट बांधलेल्या आहेत, हे मला याच छेदाने पहिल्यांदा शिकवलं. तुमच्या चाचणीत बाहेरचा आकार ठरलेला आहे, तरीही हा छेद काढून दाखवा. कठडा आड येत असेल तर सलोनचा बसायचा भाग पंधरा-वीस सेंटिमीटर उंच चौथऱ्यावर घेता येतो का ते बघा. आपल्याकडच्या जुन्या वाड्याच्या सोप्यात, म्हणजे ओसरीत, बैठक थोडी वर असायची. अंगणात काय चाललंय ते बसल्या जागी दिसायचं. युक्ती तीच आहे.

मग ही दोन कामं वेगळी माणसं का करतात? मूळ कारण इतिहासात आहे. यॉटचा आकार पूर्वी जहाजबांधणीच्या यार्डातला नेव्हल आर्किटेक्टच काढत असे आणि आतमध्ये सुतारकाम करणारे कारागीर लाकडी केबिन बसवत. लंडनमध्ये काम करणारा ऑस्ट्रेलियन डिझायनर जॉन बॅननबर्ग याने साठच्या दशकानंतर हे चित्र बदललं. यॉटचं बाह्यरूप हे स्वतंत्र डिझाइनचं काम आहे, हे त्याने लोकांना मान्य करायला लावलं. १९८० साली इटलीतल्या बेनेटी यार्डात बांधलेली ८६ मीटरची ‘नबिला’ आजही त्याचं उदाहरण म्हणून दाखवतात. तेव्हापासून तीन भूमिका रूढ झाल्या: पाण्याखालचा आकार, तोल आणि वेग बघणारा नेव्हल आर्किटेक्ट, पाण्यावरचा आकार काढणारा बाह्य डिझायनर, आणि आतला डिझायनर.

पुढे हे कामाच्या आकारामुळेही पक्कं झालं. लुर्सन यार्डाने २०१३ साली पूर्ण केलेली ‘अझ्झाम’ १८० मीटर लांब आहे. तिचं बाह्यरूप मिलानच्या नाउता स्टुडिओचं आणि अंतरंग ख्रिस्तोफ लिओनी यांचं. त्याच यार्डाची २००३ची ‘ऑक्टोपस’ घ्या: बाहेरून एस्पेन ओइनो, आतून जोनाथन क्विन बार्नेट. याउलट फिलिप स्टार्क याने २००८ची ‘मोटर यॉट ए’ आणि २०१७ची ‘सेलिंग यॉट ए’ या दोन्ही आतून-बाहेरून एकहाती केल्या. स्टीव्ह जॉब्स यांच्यासाठी आखलेली आणि त्यांच्या मृत्यूनंतर २०१२मध्ये पूर्ण झालेली ‘व्हीनस’ही त्याचीच. तिच्याकडे बघितलं की आतली शांतता आणि बाहेरच्या मोठ्या काचा एकाच विचारातून आल्या आहेत हे जाणवतं. माझं स्वतःचं मत असं आहे की दोन डिझायनर असले तरी हरकत नाही, पण ते पहिल्या महिन्यापासून एका टेबलावर बसायला हवेत. आतला डिझायनर सहा महिन्यांनी येतो तेव्हा खिडक्यांच्या जागा ठरून गेलेल्या असतात आणि मग पडदे व आरसे लावून चुका झाकायची वेळ येते.

वजनाकडे वळते. मोठ्या यॉटचा खालचा भाग बहुधा पोलादाचा आणि वरचे मजले अॅल्युमिनियमचे असतात. वर वजन वाढलं की गुरुत्वमध्य वर सरकतो, आणि कलल्यावर सरळ होण्याची यॉटची ताकद कमी होते. तेवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. पोलाद आणि अॅल्युमिनियम सरळ वेल्डिंगने जोडता येत नाहीत, म्हणून स्फोटाच्या दाबाने एकजीव केलेली दोन्ही धातूंची पट्टी मध्ये घालून जोड करतात. वजन वाचवण्यासाठी यार्ड एवढं करत असेल, तर आतल्या डिझायनरने वरच्या मजल्यावर बिनधास्त संगमरवर टाकणं त्याला किती खटकेल ते बघा.

हिशोब सोपा आहे. संगमरवराची घनता दर घनमीटरला साधारण २,७०० किलो. १०० चौरस मीटर फरशी नेहमीच्या २० मिलिमीटर जाडीने केली, तर नुसता दगड ५.४ टन होतो. म्हणून यॉटवर दगड पाचेक मिलिमीटरपर्यंत पातळ कापून मधाच्या पोळ्यासारख्या अॅल्युमिनियमच्या पॅनेलवर चिकटवतात. मग पॅनेलसकट चौरस मीटरला वीसेक किलो, म्हणजे एकूण दोन टनांच्या आसपास. डोळ्याला फरक कळत नाही. लाकडाचंही तसंच: जे भरीव अक्रोडाचं कपाट दिसतं ते हलक्या पॅनेलवर लावलेलं व्हिनियर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, असतं, फक्त हाताला लागणाऱ्या कडा भरीव लाकडाच्या. आपल्याकडे व्हिनियर म्हणजे काटकसर असं क्लायंटला वाटतं. यॉटवर तेच व्हिनियर एका झाडाच्या एकाच ओंडक्यातून कापून, सगळ्या भिंतींवर रेषा जुळवून लावतात, आणि त्यातलं कौशल्य भरीव लाकडापेक्षा जास्त आहे. तुमच्या सादरीकरणात एक पान वजनाचं ठेवा. फरशी, भिंती, छत, सुटं फर्निचर, आणि प्रत्येकासमोर किलो. आकडे अंदाजे असले तरी चालतील.

माझ्या पहिल्या मोठ्या कामात मी हा तक्ता दिला नव्हता. वरच्या डेकवरच्या बैठकीसाठी पितळी जाळीची एक मोठी भिंत काढली होती, सगळ्यांना आवडली होती. नेव्हल आर्किटेक्टने वजन विचारलं आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती भिंत गेली. नंतर कळलं की अॅल्युमिनियमवर पितळी रंगाचा लेप देऊन ती वाचवता आली असती, पण तोपर्यंत तिची जागा दुसऱ्या कशाने तरी घेतली होती.

उंचीचं गणित पुण्यातल्या फ्लॅटमध्ये फॉल्स सीलिंग करणाऱ्याला लवकर कळेल. समजा एका डेकपासून दुसऱ्या डेकपर्यंत २.९ मीटर आहेत. त्यातून वरच्या डेकचे बीम, एसीचे डक्ट, केबलचे ट्रे, पाण्याचे पाइप, आग विझवणाऱ्या फवाऱ्यांच्या नळ्या, स्पीकर आणि खाली आवाज अडवणारी तरंगती फरशी वजा करा. हातात २.२ ते २.३ मीटर उरतात. ही उंची वाईट नाही, पण त्यात झुंबर लावायचा विचार सोडा. मोठ्या खोलीला एवढं कमी छत दडपवणारं वाटू शकतं. म्हणून मधला भाग जिथे डक्ट नाहीत तिथे दहा सेंटिमीटर तरी वर न्यायचा आणि डक्ट कडेला ढकलायचे. आणि छताचा प्रत्येक तुकडा निघायला हवा. वर व्हॉल्व्ह असतो, सेन्सर असतो, तिथे इंजिनिअरला दोन तासांत पोहोचता आलं पाहिजे. जमिनीवर आपण एखादा ट्रॅपडोअर ठेवून मोकळे होतो. इथे सगळं छतच सुटणाऱ्या पॅनेलचं असतं, आणि त्यांच्या फटी कुठे पडतील हाच डिझाइनचा भाग होतो.

क्रूचा रस्ता हा विषय बहुतेक नवे डिझायनर विसरतात. ७० मीटरच्या यॉटवर साधारणपणे बारा पाहुणे असतात आणि त्यांच्यासाठी अठरा-वीस जणांचा क्रू. बारा हा आकडा योगायोगाने आलेला नाही: बारापेक्षा जास्त प्रवासी घेतले की आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ते प्रवासी जहाज ठरतं आणि बांधणीचे नियम फार बदलतात. तर हे वीस लोक दिवसभर अन्न, कपडे, बर्फ, फुलं, कचरा इकडून तिकडे नेत असतात. पाहुण्यांना ते दिसू नयेत आणि चहा मात्र हाताशी यावा, ही अपेक्षा असते. म्हणून सलोनला लागून पँट्री, म्हणजे वाढणीची छोटी खोली, तिला खालच्या स्वयंपाकघराशी जोडणारी छोटी लिफ्ट आणि क्रूचा स्वतंत्र जिना. जीए म्हणजे जनरल अरेंजमेंटचा जो आराखडा तुम्हाला दिला असेल, त्यात ही पँट्री शोधा. तिचं दार सलोनमध्ये कुठे उघडतं? हातात भरलेला ट्रे घेतलेली मुलगी ते दार कशाने उघडेल? बाराजणांची ताटं उचलल्यावर ती खरकटी कुठे ठेवेल? आपल्या घरात लग्नाची पंगत वाढताना वाढपी कुठून येतात आणि कुठून जातात यावर पंगतीचा सगळा ताल असतो. इथेही तेच आहे, फक्त तो ताल रोज तीन वेळा, हलत्या जमिनीवर सांभाळायचा आहे. क्रूचं काम सोपं करणारा आराखडा मला कुठल्याही दगड-लाकडापेक्षा श्रीमंत वाटतो, कारण त्या वीस माणसांचं आयुष्य तिथेच जातं.

नियमांबद्दल थोडंच सांगते, कारण चाचणीत त्यांची खोल माहिती कुणी मागणार नाही. ग्रॉस टनेज हा शब्द ऐकाल. तो वजन दाखवत नाही, बंदिस्त जागेचं आकारमान दाखवतो. सुमारे १,८८० घनमीटर बंदिस्त जागा झाली की आकडा ४९९च्या आसपास येतो आणि ५०० ओलांडलं की नियम कडक होतात. म्हणून पन्नास मीटरच्या आसपासच्या कितीतरी यॉट मुद्दाम ४९९वर थांबवलेल्या असतात. बाहेरची एखादी गॅलरी काच लावून बंद करायची कल्पना आतल्या डिझायनरला सहज सुचते, पण तिने हा आकडा हलतो. तुमची ७० मीटरची यॉट ५००च्या बरीच पुढे असणार, त्यामुळे तिथे आगीचे नियम तुमच्या कामात जास्त येतील. काही भिंती ए-६० दर्जाच्या असतात: एका बाजूला आग असताना साठ मिनिटं दुसऱ्या बाजूचं तापमान सरासरी १४० अंशांपेक्षा जास्त वाढता कामा नये. अशा भिंतीत मोठं काचेचं दार काढलंत तर ते अशक्य नाही, पण जड आणि फार महाग होईल. पृष्ठभागावर ज्वाळा पसरू नयेत म्हणून रंग, व्हिनियर, कापड यांची प्रमाणपत्रं लागतात. लक्ष्मी रोडवर मिळालेली सुंदर पैठणी भिंतीवर ताणून लावायची कल्पना मलाही एकदा आली होती. काचेमागे, छोट्या चौकटीत, कलाकृती म्हणून ती लावता येते. अख्खी भिंत नाही.

प्रकाशाची गोष्ट सविस्तर सांगते, कारण इथे माझी मोठी चूक झाली होती. एका यॉटच्या सलोनमध्ये मी छतात नेहमीसारखे छोटे डाउनलाइट दिले होते, सरळ रांगेत. दिवसा उत्तम. समुद्रचाचणीच्या वेळी उत्तर समुद्रात अंधार पडला आणि दोन्ही बाजूंच्या काचा आरसे झाल्या. बाहेर काळोख, आत उजेड. प्रत्येक दिव्याचं प्रतिबिंब काचेत, आणि काच वक्र असल्यामुळे ठिपक्यांच्या वाकड्या माळा. समुद्र नाहीसा झाला, बसलेल्या माणसाला फक्त स्वतःचं छत दिसत होतं. शहरातल्या घरात हे जाणवत नाही, कारण बाहेर रस्त्याचे दिवे असतात. समुद्रावर बाहेर खरोखर काहीच नसतं. छताची पॅनेल पुन्हा बनवावी लागली. तेव्हापासून मी रात्रीचा प्रकाश गुडघ्याच्या खाली ठेवते: सोफ्याखाली, पायऱ्यांच्या कडेत, टेबलावर छोट्या दिव्यांत, आणि काचेसमोरचे पृष्ठभाग गडद व बिनचमकीचे. बाहेर डेकच्या कडेला अगदी मंद दिवा असला की काचेतलं प्रतिबिंब विरतं आणि नजर बाहेर जाते. पण हा बाहेरचा दिवा ब्रिजवरून, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीतून, दिसता कामा नये. तिथला माणूस अंधारात समुद्र वाचत असतो, त्याच्या डोळ्यांत आपला शोभेचा प्रकाश जाणं धोक्याचं आहे. शिवाय यॉटच्या स्वतःच्या दिशादर्शक दिव्यांचे कोन ठरलेले असतात: डोलकाठीवरचा पांढरा दिवा २२५ अंशांत, बाजूचे लाल-हिरवे ११२.५ अंशांत, मागचा १३५ अंशांत दिसला पाहिजे. दुसऱ्या जहाजाला त्यांच्यात गोंधळ होईल असं काही लावता येत नाही.

आवाजाचं तत्त्व एवढंच: आतली खोली पोलादाला टेकता कामा नये. फरशी, भिंती, छत हे सगळं रबरी बैठकांवर तरंगत असतं, खोलीच्या आत खोली. एका केबिनमध्ये बारीक घुणघुण येत होती. दोन दिवस शोधल्यावर एक लांब स्क्रू सापडला, जो पॅनेलमधून आरपार जाऊन धातूला भिडला होता. स्क्रू बदलला, आवाज गेला. म्हणून ड्रॉइंगमध्ये भिंत आणि फर्निचर यांच्यामधली फट दाखवा आणि ती सावलीच्या रेघेसारखी सुंदर करा. तसंच प्रत्येक ड्रॉवरला आपोआप न उघडणारी कडी, दारांना पकड, शेल्फला पुढे बारीक ओठ आणि जड खुर्च्यांना डेकमध्ये अडकवायची सोय.

इथपर्यंतचं थोडक्यात: आधी डोळ्याची रेघ, मग क्रूचा रस्ता, मग वजन आणि छत, मग रात्रीचा प्रकाश. एवढं झालं की साहित्य आणि शैली यांच्याकडे या.

आणि इथे तुमच्याकडे एक गोष्ट आहे जी तिकडच्या मुलांकडे नाही. यॉटवर चढताना चपला-बूट काढून टोपलीत ठेवायची पद्धत आहे. सागवानी डेक खराब होऊ नये म्हणून ती आली, पण तिच्यामुळे यॉट ही अनवाणी राहायची जागा झाली आहे. आपण अनवाणी घरात वाढलो. शहाबादी फरशीचा उन्हाळ्यातला गारवा, शेणाने सारवलेल्या जमिनीचा मऊपणा, उंबरठ्यावरचं घासून गुळगुळीत झालेलं लाकूड तळपायाला माहीत आहे. युरोपातल्या सहकाऱ्यांना मी तळपायाने विचार करायला सांगितलं की त्यांना ते नवीन वाटायचं. डेककडून सलोनमध्ये, सलोनमधून जेवणाच्या जागेत, तिथून जिन्यावर, पायाखाली काय बदलतं याचा एक नकाशा काढा. ओल्या पायाने कुठे घसरेल, ऊन लागलेली गडद फरशी कुठे भाजेल, सनस्क्रीनचे तेलकट डाग कुठे पडतील तेही लिहा. सच्छिद्र फिकट दगड या डागांपुढे टिकत नाही.

सागवानाचा विषय निघालाच आहे तर हेही. मुंबईत वाडिया कुटुंबाने बांधलेलं ‘ट्रिंकोमाली’ हे सागवानी युद्धजहाज १८१७ साली पाण्यात उतरलं आणि आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूलला तरंगतं आहे. सागाची ताकद यापेक्षा वेगळी सांगायला नको. यॉटच्या डेकसाठी वर्षानुवर्षं म्यानमारच्या जंगलातला जुना साग वापरला गेला. २०२१मध्ये तिथल्या सरकारी लाकूड कंपनीवर युरोपीय संघाने निर्बंध आणले आणि हा रस्ता कायद्यानेही बंद झाला. नैतिकदृष्ट्या तो त्याआधीच बंद व्हायला हवा होता. आता लागवडीतला साग पातळ थरांत चिकटवून, दुसरी प्रक्रिया केलेली लाकडं किंवा कृत्रिम डेक वापरतात. तुमच्या संकल्पनेत ‘बर्मा टीक’ असा शब्द लिहू नका. लागवडीतला साग लिहा आणि का ते एका ओळीत सांगा.

बाहेरच्या पृष्ठभागाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी एक गोष्ट माहीत असू द्या. पोलादी पत्रा वेल्डिंगनंतर लाटांसारखा असतो. त्यावर इपॉक्सीचं भरण लावून, लांब पट्ट्यांनी हाताने घासून तो सपाट करतात आणि मगच रंग. या कामाला कित्येक महिने जातात. पिंपरी-चिंचवडमधल्या मोटारींच्या डिझाइनमध्ये काम करणारं कुणी ओळखीचं असेल तर त्यांच्याशी बोला. पृष्ठभागावर प्रकाशाची रेघ कशी वाहते ते बघायची नजर त्यांच्याकडे तयार असते. सलोनच्या वक्र काचेत त्या रेघेचा शेवट होतो, म्हणून आतल्या माणसालाही ती वाचता यावी.

तीन आठवड्यांचं म्हणाल तर मी तुमच्या जागी असते तर पहिला आठवडा एकही रेंडर केलं नसतं. घराच्या गच्चीवर खडूने सलोनचा आराखडा खऱ्या मापात आखा. मी अजूनही प्रत्येक कामाला हे करते. आमच्या सोसायटीतल्या मुलांना त्या रेघा पाठ झाल्या आहेत. प्लास्टिकच्या खुर्च्या मांडा, त्यांची उंची सोफ्याएवढी करा, कडेला एक मीटरवर दोरी बांधा आणि बसून बघा. मग कुणाला तरी पाण्याने भरलेले सहा ग्लास ट्रेमध्ये देऊन पँट्रीच्या जागेपासून शेवटच्या खुर्चीपर्यंत चालायला सांगा, आणि तुम्ही खुर्चीत बसून आपल्या बोलण्यात किती वेळा खंड पडतो ते मोजा. ही मापं, छेद आणि वजनाचा तक्ता दुसऱ्या आठवड्यात कागदावर येतील. तिसऱ्या आठवड्यात दोनच रेंडर करा: एक दुपारचं, सोफ्यावर बसलेल्या माणसाच्या डोळ्यातून, आणि एक रात्रीचं, त्याच जागेवरून. दोन्हींत पाणी दिसलं पाहिजे.

आराखड्यात पँट्री सापडली नाही किंवा कठड्याची उंची दिलेली नसेल तर त्या पानाचा आकार सांगा, मोजपट्टी कशी लावायची ते पुढच्या उत्तरात लिहीन.